सरळच जायचंय की!

कवीला रेडिओवर बोलावतात ते कवितेविषयी बोलायला. इतकी वर्षं मीही निमूटपणे तेच करत आलो. आज मात्र मी मोटारीच्या स्टिअरिंगविषयी बोलणार आहे. हा माणूस भलत्या खोलीत शिरला, असं कुणाला वाटेल; पण खोली माझ्या ओळखीची आहे. मलकापुरात, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याच्या कडेला आमच्या अब्बांचं गॅरेज होतं. पुढे मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहायला लागलो. पण त्याआधी शाळा सुटल्यावरची माझी जागा त्या गॅरेजातच असायची. अब्बा गाडीखाली उताणे झोपून नुसता हात बाहेर काढायचे आणि मी त्या हातात बारा-तेराचा पाना ठेवायचो. आता ते गॅरेज माझा धाकटा भाऊ चालवतो.

या भावाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, गेल्या वर्षी माझ्याकडे आला आणि म्हणाला, ''चाचा, आम्ही ड्रॅग रेसची गाडी बनवतोय.'' आमच्या घरात दखनी बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगतो आहे. मी विचारलं, ''ड्रॅग म्हणजे ओढणं ना रे? काय ओढणार?'' तो हसला.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सोडायच्या, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, कोण आधी गाठतो ते पाहायचं. वळण नाही, फेरी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, ओस पडलेल्या धावपट्ट्यांवर हा खेळ वाढला आणि १९५१ साली तिथे त्याची राष्ट्रीय संघटना निघाली. तिथल्या सर्वांत वेगवान गाड्या इतक्या वेगात जाऊ लागल्या, की २००८ मध्ये एका चालकाच्या मृत्यूनंतर त्यांच्यासाठी अंतर कमी करून हजार फुटांवर आणलं गेलं. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. पुतण्या आणि त्याचे तीन मित्र यांच्या डोळ्यांपुढे तीच धावपट्टी होती.

घरी गाडी बनवायची, हे ऐकून मला फारसं नवल वाटलं नाही. आमच्या कोल्हापूरकडच्या मातीतच हा गुण आहे. सिनेमाचा कॅमेरा परदेशातून आणण्याऐवजी बाबूराव पेंटरांनी तो १९१८ च्या सुमाराला कोल्हापुरातच तयार केला. इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्ण्यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. तिचा पहिला नमुना १९४९ चा. पुढे पंचवीसेक वर्षं ते त्या गाडीत सुधारणा करत राहिले. सामान्य माणसाला परवडेल अशी, बारा हजार रुपयांत देता येईल अशी गाडी त्यांना करायची होती. ती कारखान्यात कधी तयार झाली नाही, ही वेगळी हळहळ. अगदी अलीकडचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांचं. भंगारातले भाग जमवून त्यांनी मुलासाठी छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचं कौतुक केलं. ही गाडी नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर फार दिवस चालू दिली जाणार नाही, हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. या गोष्टीतला नियमांचा भाग लक्षात ठेवा. घरी बनवलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नसते. माझ्या पुतण्याला मी पहिली अट घातली ती हीच.

मुलांनी एक भंगारातली ओम्नी घेतली होती. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस, पुढचे हब, स्टिअरिंग सगळं काढलं आणि पाइपांचा लांबट सांगाडा करून त्यावर बसवलं. ओम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत १,८४० मिलिमीटरचं अंतर असतं; मुलांनी ते २,७०० केलं. लांब गाडी सरळ चालते, हे त्यांना कळलं होतं आणि ते खरंही आहे. अमेरिकेतल्या त्या सर्वांत वेगवान गाड्यांत हे अंतर साडेसात मीटरच्या वर असतं.

मी विचारलं, ''आणि स्टिअरिंगचं काय?''

''त्यात काय, चाचा? ओम्नीचंच लावलंय. सरळच जायचंय की! वळायचंय कुठं?''

हे वाक्य मला तेव्हा पटलं होतं, हे आधीच कबूल करतो. आजचं सगळं बोलणं ते वाक्य कसं चुकलं याविषयी आहे.

आधी गाडी वळते कशी, ते पाहू. बैलगाडीला हा प्रश्नच नसतो. तिला दोनच चाकं, तीही आसावर सुटी फिरणारी. बैल वळले की जू वळतं, जू वळलं की गाडी वळते. चार चाकं आली की अडचण सुरू होते. जुन्या बग्ग्यांत पुढचा आख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरत असे. तो फार फिरवला की पुढची चाकं गाडीखाली सरकत, गाडीचा पाया अरुंद होई आणि बग्गी कलंडे. शिवाय एक चाक दगडावर आदळलं तरी सगळा आस फिरे.

म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्या कारागिराने १८१६ च्या सुमाराला यावर तोड काढली. आस जागेवर राहू द्यायचा आणि पुढचं प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर फिरवायचं, दोन्ही खिळ्या एका दांडीने जोडायच्या. इंग्लंडमध्ये त्याच्या वतीने १८१८ साली पेटंट घेतलं ते रुडोल्फ आकरमान यांनी. हे गृहस्थ लंडनमध्ये चित्रं आणि पुस्तकं छापणारे प्रकाशक होते. आज जगभर या रचनेला 'अ‍ॅकरमन' म्हणतात. रचना करणाऱ्याचं नाव मागे पडलं आणि प्रकाशकाचं राहिलं. आम्हा कवींना यात फारसं नवल वाटत नाही! पुढे १८७८ मध्ये फ्रान्सच्या शार्ल जांतो यांनी या दांड्यांची रचना आणखी नेमकी केली. कार्ल बेंझ यांची १८८६ ची पहिली मोटार तीन चाकांची होती, कारण दोन पुढची चाकं नीट कशी वळवावी हे कोडं त्यांना तेव्हा सुटलं नव्हतं. चार चाकांसाठी त्यांनी १८९३ मध्ये पेटंट घेतलं.

अ‍ॅकरमनचं मर्म एवढंच, की वळताना दोन्ही चाकांनी सारखं वळायचं नसतं. मलकापुराहून रत्नागिरीकडे निघालात की आंबा घाट लागतो. तिथल्या वळणावर एसटीची चाकं निरखून पाहा. आतल्या बाजूचं चाक लहान वर्तुळावरून जातं, बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं जास्त वळावं लागतं. मुलांच्या गाडीचा हिशोब सांगतो. पुढच्या दोन खिळ्यांमधलं अंतर १.२ मीटर, गाडीची लांबी चाकापासून चाकापर्यंत २.७ मीटर, आणि मागच्या आसाच्या मध्यापासून ६ मीटरवर वळणाचं केंद्र धरलं, तर आतलं चाक साडेसव्वीस अंश वळायला हवं आणि बाहेरचं सव्वाबावीस. हा चार अंशांचा फरक मिळावा म्हणून चाकाला जोडलेला छोटा आखूड हात, ज्याला मिस्त्री लोक स्टिअरिंग आर्म म्हणतात, तो थोडा तिरका ठेवतात. दोन्ही बाजूंच्या हातांच्या रेघा मागे वाढवल्या, तर त्या साधारण मागच्या आसाच्या मध्याशी मिळाव्यात, हा जुना ठोकताळा. ओम्नीचे हात १,८४० मिलिमीटर लांबीच्या गाडीसाठी केलेले. मुलांनी मागचा आस जवळजवळ हातभर नव्हे, दोन हात मागे नेला. म्हणजे रेघा अलीकडेच मिळणार आणि हिशोब चुकणार.

मी हा मुद्दा मोठ्या ऐटीत मांडला. अभियांत्रिकी शिकणाऱ्या त्याच्या मित्राने कॅल्क्युलेटर काढला आणि माझी ऐट उतरवली. तो म्हणाला, ''काका, शर्यतीत आपण चाक वळवणार किती? फार तर एक अंश. एका अंशाला आतल्या-बाहेरच्या चाकातला फरक येतो अंशाच्या शंभराव्या भागाहून कमी.'' तो बरोबर होता. गाडी सावकाश परत आणताना टायर थोडे घासतील, स्टिअरिंग थोडं जड लागेल, इतकंच. सरळ शर्यतीत अ‍ॅकरमनची चूक पोटात घालता येते. पण त्याच्याच बोलण्यातून दुसरा प्रश्न निघाला. एक अंश म्हणजे खरोखर किती?

कागदावर मांडून पाहिलं. पुढची चाकं फक्त एक अंश वळलेली असली, तर २.७ मीटर लांबीची गाडी सुमारे १५५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालते. ताशी १०० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. तेवढ्या एका सेकंदात ती बाजूला सरकते अडीच मीटर! टायरची रबरी लवचीकता यातलं थोडं खाऊन टाकते, पण अंदाज यायला हे पुरे आहे. एक मूल पापणी मिटून उघडेपर्यंत गाडी आपली वाट सोडून शेजाऱ्याच्या वाटेत गेलेली असते. घाटात आपण स्टिअरिंग अर्धा-अर्धा फेरा फिरवतो, तिथे एका अंशाची पर्वा कुणी करत नाही. सरळ जाणाऱ्या गाडीला मात्र अर्धा अंशही जड जातो.

हे हिशोब होण्याआधी मुलांनी गाडी एकदा चालवून पाहिली होती. हंगाम संपल्यावर एका साखर कारखान्याचं उसाच्या गाड्या थांबायचं आवार मोकळं असतं, तिथे परवानगी काढून. जमिनीवर फक्कीने सरळ रेघ मारली होती, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी. मीही गेलो होतो. इंजिन ओरडलं, गाडीचं नाक वर उचललं गेलं आणि गाडी डावीकडे ओढली. पुतण्याने सावरली. पुन्हा केलं, पुन्हा डावीकडे. हवा तपासली, टायर बदलले, जमीन उताराची आहे म्हणून उलट दिशेने पळवली. तरी डावीकडेच. आणि मौज अशी, की हळू चालवली तर गाडी अगदी रेघेवर चालायची.

या रोगाचं निदान माझ्या भावाने केलं, अब्बांच्या पद्धतीने. पण आधी त्यातले भाग समजून घ्या. अशा गाडीत स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला दात्यांचं छोटं चाक असतं, पिनियन. ते दात्यांच्या एका आडव्या पट्टीत, म्हणजे रॅकमध्ये, अडकलेलं असतं. आपण चाक फिरवलं की पट्टी डावी-उजवीकडे सरकते. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोन दांड्या असतात, त्यांना टाय रॉड म्हणतात. त्या पुढच्या चाकांचे ते आखूड हात ढकलतात आणि ओढतात. आता चाक नुसतं वळत नाही, ते स्प्रिंगवर वर-खालीही होतं. वर-खाली होताना ते खालच्या आडव्या पट्ट्याच्या, म्हणजे लोअर आर्मच्या टोकाने एक कंस काढतं. टाय रॉडचं टोक दुसरा कंस काढतं. हे दोन कंस जुळले तर ठीक.

दोन झोपाळे डोळ्यांपुढे आणा. एकाच्या दोऱ्या लांब, दुसऱ्याच्या आखूड. दोघी बहिणी शेजारी बसून हातात हात धरून झोके घेऊ लागल्या, तर काय होईल? एकीचा हात दुसरी ओढणारच. टाय रॉड आणि आर्म यांची लांबी आणि पातळी जुळली नाही, तर चाक वर-खाली होताच रॉड त्याचा हात ओढतो. चालकाने स्टिअरिंग हलवलेलं नसतं, तरी चाक वळतं. इंग्रजीत याला बंप स्टिअर म्हणतात. आपण त्याला चाकाचं परस्पर वळणं म्हणू.

मुलांनी काय केलं होतं? चालकाला गाडीच्या बरोबर मध्यभागी बसवायचं होतं. ओम्नीचं पिनियन उजव्या बाजूला, कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. दांडा सरळ मध्यावर यावा म्हणून त्यांनी आख्खी रॅकच डावीकडे सरकवली. मग डावा टाय रॉड आखूड करावा लागला आणि उजवा लांब. डावा झाला २५ सेंटिमीटर, उजवा ४५, आणि दोन्हीकडचे आर्म मात्र ३५ सेंटिमीटरचे.

भावाने पुढची स्प्रिंग काढली, चाकाला एक मीटर लांबीची सरळ फळी बांधली, स्टिअरिंग घट्ट बांधून टाकलं आणि जॅकने चाक हळूहळू पाच सेंटिमीटर खाली सोडलं. नाक वर उचललं की चाक जेवढं खाली लोंबतं, तेवढं. डाव्या बाजूला फळीच्या दोन टोकांत बारा मिलिमीटरचा फरक पडला. म्हणजे चाक पाऊण अंशाच्या आसपास डावीकडे वळलं. उजव्या बाजूला साडेसहा मिलिमीटर, म्हणजे अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. तेही डावीकडेच! आखूड रॉडने डाव्या चाकाचा मागचा भाग आत ओढला, लांब रॉडने उजव्याचा बाहेर ढकलला. रॉड सारख्या लांबीचे असते, तर चूक असूनही दोन्ही चाकं विरुद्ध दिशांना वळली असती आणि गाडी नुसती अस्वस्थ झाली असती. इथे दोन्ही एकाच दिशेला वळली. सरासरी अर्धा अंश. नाक उचललं की डावीकडे, नाक बसलं की सरळ. ताशी ६० च्या वेगाला सेकंदाला एक हात डावीकडे, १०० च्या वेगाला सव्वा मीटर. चालक बिचारा ते उजवीकडे सावरणार आणि गिअर बदलताना नाक खाली बसलं, की त्याचं सावरणंच त्याला उजवीकडे फेकणार.

पुतण्या बराच वेळ त्या फळीकडे बघत राहिला. ''सरळच जायचंय की'' हे वाक्य त्यानंतर त्याने उच्चारलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं, तर ही एक गमतीची गोष्ट झाली असती. पण फळी सोडवताना भावाचा हात उजव्या टाय रॉडवरून फिरला आणि थांबला. रॉड लांब कसा केला होता? मूळचा रॉड मधे कापून, तुकडा घालून वेल्डिंग केलं होतं. वरून घासून रंग दिला होता. छान दिसत होतं. भाऊ काही बोलला नाही. त्याने भिंतीकडे पाहिलं, मीही पाहिलं.

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर एका खिळ्याला एक तुटका रॉड टांगलेला आहे. १९८३ च्या पावसाळ्यातला. वडाप करणाऱ्या एका जीपचा स्टिअरिंगचा रॉड वाकून त्याला चीर गेली होती. नवा कोल्हापुरातून दुसऱ्या दिवशी आला असता. जीपवाला हातापाया पडला, माणसं खोळंबली आहेत, आजच्या दिवसापुरतं करून द्या म्हणाला. अब्बांनी वेल्डिंग करून दिलं. वेल्डिंगमध्ये त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. संध्याकाळी आंबा घाटात एका वळणावर तो रॉड तुटला. स्टिअरिंग हातात फिरत राहिलं आणि चाकं आपल्या मनाने गेली. जीप डोंगराच्या अंगाला गेली म्हणून माणसं वाचली. जीपवाल्याचा पाय मोडला, तो पुढे कधी नीट चालला नाही. दुसरी बाजू दरीची होती.

अब्बांनी तो रॉड मागून आणला. मी तेव्हा शाळकरी पोर. त्यांनी मला तो दाखवला. त्यांचं वेल्डिंग जसंच्या तसं होतं. त्याच्या शेजारचं लोखंड तुटलं होतं. पुढे मला याचं कारण कळलं. असे भाग ठोकून घडवलेल्या, ठरावीक तापमानाला तापवून निववलेल्या पोलादाचे असतात. त्यातच त्यांचा चिवटपणा असतो. वेल्डिंगची आच लागली आणि ते उघड्या हवेत भरकन निवलं, की जोडाच्या शेजारची पट्टी कडक पण ठिसूळ होऊन बसते. डोळ्यांना काही दिसत नाही. मग प्रत्येक धक्क्याला तिथे केसाएवढी चीर पुढे सरकते, आणि एके दिवशी ती पलीकडे पोचते. त्यानंतर अब्बांनी स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला आच लावली नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी नाही. जीपवाल्याच्या घरी ते दर ईदला जात, आणि त्याच्याकडून परत आल्यावर त्या दिवशी कुणाशी बोलत नसत.

पुतण्याने हा रॉड जन्मापासून भिंतीवर पाहिला होता. त्याची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. आम्हा दोघा भावांची ही चूक, कारण घरातल्या चुकांबद्दल आपण पोरांशी बोलत नाही. आणि त्याच वेल्डिंगच्या रॉडवर हे पोर आवारात पाच वेळा गाडी पळवून आलं होतं. मी रेघेच्या टोकाला उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

त्या दिवशी स्टिअरिंग पूर्ण खाली उतरवलं. पुन्हा बसवलं ते असं. रॅक बरोबर मध्यावर, खालच्या आर्मच्या पातळीला, दोन्ही टाय रॉड सारख्या लांबीचे, आर्मच्याच लांबीचे. पिनियन उजवीकडे राहिलं, आणि स्टिअरिंगचा दांडा दोन युनिव्हर्सल जॉइंट घालून वाकवत मध्यावर आणला. टाय रॉड कोल्हापूरच्या उद्यमनगरात अखंड पोलादातून नवे करून घेतले. एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे, म्हणजे नुसता रॉड फिरवला की लांबी बारीक कमी-जास्त करता येते, आणि नंतर दोन्हीकडे नट आवळून ती पक्की करायची. जोडाचा प्रत्येक बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलेला, एका बाजूने लटकता नाही. प्रत्येक नटाला आरपार पिन, सुटून पडू नये म्हणून. स्टिअरिंगमध्ये नट सैल होणं आणि रॉड तुटणं यांचा परिणाम एकच असतो.

मग चाकाच्या खिळीचा कल. सायकलचा पुढचा चिमटा पाहा, तो सरळ उभा नसतो, वरून मागे कललेला असतो. त्यामुळे चाक जमिनीला टेकतं ती जागा खिळीच्या रेषेच्या मागे राहते आणि चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. म्हणून हात सोडून सायकल चालवता येते. मोटारीतही हा कल असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. २६ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाला तीन अंश कल दिला, तर ही मागे राहण्याची जागा दीड सेंटिमीटरलाही पोचत नाही; आठ अंश दिला, तर साडेतीनच्या वर जाते. मुलांनी आठ ठेवला. स्टिअरिंग जड लागतं, पण इथे वळायचं कुठे आहे! मात्र ब्रेक लावल्यावर नाक खाली बसतं तेव्हा हाच कल कमी होतो. म्हणून अशा गाडीचा नाजूक क्षण सुटण्याचा नसून थांबण्याचा असतो.

शेवटी दोरी. अब्बांकडे अलाइनमेंटचं यंत्र नव्हतं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ते पांढरी दोरी ताणून धरत आणि डोळा बारीक करून चाक दोरीला कुठे टेकतं ते बघत. मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाकं धावताना किंचित बाहेर उघडतात, कारण सांध्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच. म्हणून उभ्या गाडीत ती पुढच्या बाजूला केसभर आत ठेवायची, एक-दोन मिलिमीटर. भावाने दोरीचं एक टोक धरलं, दुसरं मी. कितीतरी वर्षांनी मी त्या गॅरेजात अब्बांच्या हाताखालचा पोरगा झालो होतो.

या पावसाळ्याआधी पुन्हा आवारात गेलो. पुन्हा फक्कीची रेघ. पुतण्याने आधी ताशी ३०, मग ५०, मग त्याहून वर अशी पायरीपायरीने गाडी पळवली. नाक उचललं आणि गाडी रेघेवर राहिली. शेवटच्या खेपेला मी रेघेवरून चालत जाऊन टायरच्या खुणा पाहिल्या. चार-पाच बोटं इकडेतिकडे, तेही जमिनीच्या खडबडीपायी. मुलांनी मोठा आरडाओरडा केला.

शर्यतीत अजून ते उतरलेले नाहीत. आपल्याकडे अशा शर्यतींचे नियम फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संघटना ठरवते. सांगाडा, पट्टे, हेल्मेट, आग विझवण्याची सोय, सगळ्याची तपासणी होते. मुलांच्या यादीत अजून बरंच काही बाकी आहे, आणि आता त्यांना घाई नाही, हे मला सगळ्यांत बरं वाटतं.

गेल्या आठवड्यात मी गॅरेजात गेलो, तेव्हा भिंतीवर अब्बांच्या रॉडशेजारी दुसरा खिळा ठोकलेला दिसला. त्यावर तो रंगवलेला, वेल्डिंग केलेला उजवा टाय रॉड टांगला होता, न तुटलेला. एक गिऱ्हाईक त्याकडे बोट दाखवून विचारत होतं, हा चांगला रॉड इथे का लटकवलाय? पुतण्या गाडीखाली उताणा होता. तो बाहेर आला, हात पुसले आणि गोष्ट सांगू लागला. अगदी पहिल्यापासून, १९८३ च्या पावसाळ्यापासून.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)